थैली एकच, फेऱ्या किती?

भरिताची वांगी म्हटली की खानदेशात असोद्याचं नाव हमखास निघतं. जळगाव शहराजवळचं हे गाव बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणूनही साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. थंडी पडू लागली की ही मोठी, हिरवट वांगी बाजारात येतात. गिऱ्हाईक दोन किलो वांगी घेतं, मग हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, कांद्याची पात घेतं. प्रत्येक जिन्नस वेगळ्या पातळ पिशवीत पडतो. बाजारापासून घरापर्यंत अर्धा तास, फार तर तासभर एवढंच त्या पिशव्यांचं काम. त्यानंतर त्या कित्येक वर्षं कुठे ना कुठे पडून राहतात.

महाराष्ट्रात अशा पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे आपण सगळेच रोज पाहतो. ‘बंदी नीट का पाळली जात नाही?’ हा प्रश्न मुलं वर्गात विचारतातच. त्याच्याच जोडीनं आणखी एक प्रश्न घ्यायला हवा. प्लास्टिकच्या जागी जे वापरायचं, ते खरोखर कमी नुकसानीचं आहे हे ठरवायचं कसं? या प्रश्नाचं उत्तर वजन, जाडी आणि वापराची संख्या यांच्या साध्या गणितातून मिळतं. हे गणित आठवीतल्या मुलांनाही जमेल. आम्ही इथे ते मांडून दाखवणार आहोत.

दोन्ही बहुवारिकंच!

आधी थोडं रसायनशास्त्र पाहू. केळी पिकवण्यासाठी इथिलीन वायू वापरतात हे रावेर-यावलकडच्या मुलांना सांगावं लागत नाही. केळं पिकताना स्वतःही हा वायू सोडतं. याच इथिलीनचे हजारो रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले की पॉलिइथिलीन, म्हणजे आपल्या बोलण्यातलं पॉलिथिन तयार होतं. कारखान्यातलं इथिलीन मात्र केळ्यातून येत नाही, ते खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून मिळवतात. पॉलिथिनचा शोध इंग्लंडमध्ये १९३३ साली लागला. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी ते कमी दाबाखाली तयार करण्याची रीत शोधली. या रीतीनं मिळालेल्या पॉलिथिनपासून पातळ पण मजबूत पिशव्या काढता येऊ लागल्या. या कामासाठी त्यांना १९६३ मध्ये इटलीच्या नाट्टा यांच्यासह नोबेल पुरस्कार मिळाला.

लहान रेणू जोडून झालेल्या अशा लांब साखळीला बहुवारिक म्हणतात. गंमत अशी, की कापसाचा धागासुद्धा बहुवारिकच असतो. कापूस जवळजवळ सगळा सेल्युलोजचा बनलेला असतो आणि सेल्युलोज ही ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी आहे. मग जुनं धोतर उकिरड्यात कुजतं आणि पिशवी का कुजत नाही? सेल्युलोज निसर्गात कोट्यवधी वर्षांपासून आहे. ते तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइमं, मातीतल्या बुरशीकडे आणि जिवाणूंकडे असतात. पॉलिथिनची कार्बनची सलग साखळी त्यांच्यासाठी अगदी नवी आहे. ती तोडण्याचं साधन बहुतेक सूक्ष्मजीवांकडे नाही.

मातीतली किंवा रस्त्यावरची पिशवी मग ‘नाहीशी’ होते ती कशी? उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या प्राणवायूनं तिच्या साखळ्या तुटतात, ती ठिसूळ होते आणि तिचे तुकडे पडतात. खानदेशच्या मे महिन्यात हे लवकर घडतं. पण तुकडे झाले म्हणजे पदार्थ संपला असं होत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ते मातीत मिसळतात, ओढ्यानाल्यांतून तापीत आणि तापीतून समुद्रात जातात. पिशवी नजरेआड होते आणि तिला गोळा करणं कायमचं अशक्य होऊन बसतं.

मायक्रॉनचा हिशेब

पिशव्यांच्या नियमांत ‘मायक्रॉन’ हा शब्द वारंवार येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. बाजारातली पातळ पिशवी २० मायक्रॉनची धरू. काही तर त्याहूनही पातळ असतात.

समजा, पिशवी ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे. तिच्या दोन बाजूंचं मिळून क्षेत्रफळ २४०० चौरस सेंटिमीटर. जाडी २० मायक्रॉन, म्हणजे ०.००२ सेंटिमीटर. गुणाकार केला तर प्लास्टिकचं घनफळ ४.८ घन सेंटिमीटर येतं. या प्लास्टिकची घनता सुमारे ०.९५ धरली तर पिशवीचं वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास भरतं. अशा २२० पिशव्या गोळा केल्या तर एक किलो होईल.

भंगार वेचणाऱ्याला पैसे किलोवर मिळतात. प्लास्टिकची जाड बाटली तो लगेच उचलतो. पण चिखलानं भरलेल्या, उष्टं चिकटलेल्या २२० पिशव्या वेचायच्या, झटकायच्या, धुवायच्या आणि एक किलोचे पैसे घ्यायचे, हे त्याला परवडत नाही. जळगावात प्लास्टिकच्या चटया आणि पाइप बनवणारे कारखाने आहेत, प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरण्याचं तंत्रही जगाला ठाऊक आहे. तरीही या पिशव्या उकिरड्यावरच राहतात, कारण त्या गोळा करण्याचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त असतो.

म्हणूनच सरकारनं जाडी वाढवत नेली. देशपातळीवर १९९९ च्या नियमांत नव्या प्लास्टिकच्या पिशवीसाठी किमान जाडी २० मायक्रॉन होती. ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२० मायक्रॉन झाली. जाड पिशवी महाग पडते, त्यामुळे दुकानदार ती फुकट देणार नाही, गिऱ्हाईक ती जपून वापरेल आणि फाटल्यावर भंगारवालाही ती घेईल, असा यामागचा विचार आहे.

या विचाराला एक अट मात्र आहे. वरच्याच मापाची पिशवी १२० मायक्रॉनची केली तर तिचं वजन सत्तावीस ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणजे सहापट. ती एकदाच वापरून फेकली तर आपण सहापट प्लास्टिक फेकलं. सहा वेळा वापरली तर बरोबरी झाली, सातव्या वेळेपासून फायदा सुरू झाला. जाडीच्या नियमाचं यश असं वापराच्या संख्येवर अवलंबून आहे.

पिशवीच्या इतिहासातही हेच दिसतं. बनियनच्या आकाराची, दोन कानांची पिशवी स्वीडनमध्ये स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी तयार केली. १९६५ साली तिचं एकस्व नोंदलं गेलं. कागदी पिशव्यांसाठी झाडं तुटतात ती वाचावीत आणि लोकांनी ही हलकी पिशवी घडी करून खिशात ठेवावी, पुन्हा पुन्हा वापरावी, अशी आपल्या वडिलांची कल्पना होती, असं त्यांच्या मुलानं नंतर सांगितलं आहे. पिशवी टिकाऊ होती म्हणून तयार झाली आणि स्वस्त होती म्हणून फेकली गेली.

फेकलेली पिशवी काय करते?

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पूर येण्याची कारणं अनेक होती. त्यांत पिशव्यांनी तुंबलेली गटारं हेही एक होतं. त्यानंतर २००६ मध्ये महाराष्ट्रानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या पुरांच्या वेळी हाच अनुभव आला होता. त्या देशानं २००२ मध्ये पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी घातली. अशी देशव्यापी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश.

खेड्यात नुकसान वेगळ्या वाटेनं होतं. उरलेली भाजी, शिळी भाकरी, वांग्याची सालं पिशवीत घालून गाठ मारून टाकली की गाय त्या वासानं येते. गाय घास जिभेनं ओढून घेते आणि नीट न चावताच गिळते, रवंथ नंतर करते. त्यामुळे गाठ मारलेली पिशवी अन्नासकट पोटात जाते. जनावराच्या पोटातला पहिला मोठा कप्पा म्हणजे रोमंथिका. तिथले जिवाणू कडबा पचवतात, कारण कडब्यात सेल्युलोज असतं. पॉलिथिनपुढे ते हतबल होतात. पिशव्या तिथेच साठतात, त्यांचा गोळा होतो, भूक मंदावते आणि जनावर खंगत जातं. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या गावानं पिशवीला गाठ मारून अन्न टाकायचं नाही, एवढं आजपासून ठरवलं तरी पुष्कळ जनावरं वाचतील. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहायला नको.

आणखी एक सवय म्हणजे चूल पेटवताना किंवा कचरा जाळताना पिशव्या टाकणं. अर्धवट जळणाऱ्या पॉलिथिनमधून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याच ढिगात पीव्हीसीचे तुकडे असले तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्झिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या आणि लेकराच्या छातीत हा धूर पहिल्यांदा जातो.

कापसाच्या मुलखात कापडाची किंमत

प्लास्टिक नको तर कापडी थैली घ्या, असं आपण सहज म्हणतो. खानदेशासारख्या कपाशीच्या मुलखात तर ते अगदी स्वाभाविक वाटतं. पण कापूस फुकट पिकत नाही, हे इथल्या शेतकऱ्याच्या मुलाइतकं कोणाला कळणार? नांगरणी, खत, फवारणी, वेचणी, जिनिंग, सूतकताई, विणकाम, रंगाई असा त्याचा मोठा प्रवास असतो. जगाची सरासरी पाहिली तर एक किलो सुती कापडामागे सुमारे दहा हजार लिटर पाणी लागतं. जिरायती कपाशीत त्यातलं बरंचसं पावसाचंच असतं, पण पाणी लागतं हे खरं. शंभर ग्रॅमच्या थैलीमागे हा आकडा हजार लिटरवर येतो.

वस्तूच्या जन्मापासून शेवटापर्यंत किती ऊर्जा, पाणी आणि कच्चा माल लागला याची बेरीज करण्याच्या पद्धतीला जीवनचक्राचा हिशेब म्हणता येईल. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११ मध्ये पिशव्यांचा असा हिशेब प्रसिद्ध केला. हवामान तापवणाऱ्या वायूंपुरतं पाहिलं, तर एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येण्यासाठी कागदी पिशवी ३ वेळा, जाड पॉलिथिनची ४ वेळा, न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनची ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या २०१८ च्या हिशेबात हवामानापुरता सुती पिशवीचा आकडा ५२ आला. पर्यावरणाच्या सगळ्या निकषांवर बरोबरी साधायची तर तो ७१०० वर गेला.

हे आकडे वाचून ‘म्हणजे प्लास्टिकच बरं!’ असा निष्कर्ष काढू नये. एकतर ते त्या देशांतल्या कारखान्यांचे, विजेचे आणि कचरा व्यवस्थेचे आहेत. तिकडे बहुतेक कचरा गोळा होतो. डेन्मार्कच्या हिशेबात उघड्यावर पडलेल्या पिशवीनं होणारं नुकसान धरलेलंच नाही. तुंबलेलं गटार आणि गाईचं पोट त्या बेरजेत नाही. आपल्याकडे तर तेच मोठं नुकसान आहे.

तरीही त्या आकड्यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १३१ हा आकडा धरला आणि थैली फक्त आठवडे बाजाराला नेली, तर बरोबरी साधायला अडीच वर्षं लागतात. रोज नेली तर साडेचार महिने पुरतात. चांगल्या शिवणीची थैली याहून कितीतरी जास्त टिकते. मात्र समारंभात फुकट वाटलेली, छापील नावाची नवी थैली घरात दहाव्या थैलीवर जाऊन पडली तर तिची बरोबरी कधीच होत नाही. जुन्या साडीची, विजारीची किंवा चादरीची शिवलेली थैली मात्र पहिल्या दिवसापासून फायद्यात असते, कारण तिच्या कापडाची किंमत निसर्गानं आधीच मोजलेली असते. सर्वांत चांगली थैली म्हणजे घरात आधीपासून असलेली थैली.

बाजारात काय चालेल?

कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या पुष्कळ दुकानांत मिळतात. त्या कापडी आहेत असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्या पॉलिप्रोपिलीनचे तंतू उष्णतेनं चिकटवून केलेल्या, न विणलेल्या प्लास्टिक पिशव्या असतात. त्यांचे तंतू सुटून मातीत मिसळतात. आधीच घरात आलेली अशी पिशवी फाटेपर्यंत वापरावी, पण तिला कापड समजू नये.

‘विघटनशील’ असा छाप असलेल्या पिशव्यांबद्दलही सावध असावं. खरोखर कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान टिकवून ठेवलेल्या खतात होते. नाल्यात किंवा रस्त्याकडेला ती परिस्थिती नसते. तिथे पडलेली अशी पिशवीही बराच काळ पिशवीच राहते.

वर्तमानपत्राच्या कागदात भजी किंवा वडे बांधणं हाही चांगला पर्याय नाही. छपाईच्या शाईतली द्रव्यं गरम, तेलकट पदार्थात उतरतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं याविरुद्ध सूचना दिल्या आहेत. भरिताच्या पार्टीला केळीचं पान किंवा पळसाची पत्रावळ असली की हा प्रश्नच उरत नाही.

भाजीसाठी एक मोठी थैली आणि आत दोन-तीन लहान सुती पिशव्या पुरतात. मिरच्या, लसूण, लिंबं लहान पिशवीत जातात, वांगी आणि बटाटे सरळ मोठ्या थैलीत. पालेभाजी श्वसन करते आणि पाण्याची वाफ सोडते. बंद पॉलिथिनमध्ये ती वाफ कोंडून थेंब साचतात आणि भाजी लवकर सडते. ओलसर कापडात ती बरी राहते. दही, तेल, मटण यांसाठी डबा किंवा किटली न्यावी. हे काही नवीन नाही, दोन पिढ्यांपूर्वी सगळे असंच करत.

भाजीवाल्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. पिशव्या तो स्वतःच्या पैशानं, किलोवर विकत आणतो. एकट्यानं पिशवी द्यायचं बंद केलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातं. म्हणून हा निर्णय साऱ्या बाजारानं एकाच दिवसापासून घ्यावा लागतो. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात कोणत्याही जाडीच्या प्लास्टिक पिशव्यांना मनाई केली आणि त्या वर्षीच्या २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी पाच हजार रुपये, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिने कैद अशी तरतूद होती. सुरुवातीला पिशव्या दिसेनाशा झाल्या, तपासणी सैल पडताच परतल्या. तागाचा देश असूनही बांगलादेशात तेच घडलं. तिथल्या सरकारला २०२४ मध्ये पुन्हा नव्यानं मोहीम घ्यावी लागली.

आयर्लंडनं वेगळी वाट धरली. मार्च २००२ पासून तिथे प्रत्येक पिशवीवर पंधरा सेंट कर बसला आणि तो गिऱ्हाइकाच्या पावतीवर दिसू लागला. वर्षाला माणशी सुमारे ३२८ पिशव्यांवरून वापर २१ वर आला. फुकट वाटणाऱ्या वस्तूची किंमत डोळ्यांना दिसली की हात आखडतो. आपल्या गावात हेच अनामत ठेवून साधता येईल. बचत गटानं जुन्या कपड्यांच्या थैल्या शिवाव्यात, त्या भाजीवाल्यांकडे ठेवाव्यात. थैली विसरलेल्यानं दहा-वीस रुपये अनामत देऊन एक न्यावी आणि पुढच्या बाजारी ती परत करून पैसे घ्यावेत. असं झालं तर एकाच थैलीच्या फेऱ्या वाढतील.

वर्गात करून पाहा

१. मुलांनी आठवडाभर घरात आलेल्या पिशव्या मोजाव्यात, धुऊन वाळवाव्यात. दहा-दहांचा गठ्ठा किराणा दुकानातल्या काट्यावर तोलावा. एका पिशवीचं वजन आणि क्षेत्रफळ यांवरून जाडी काढावी. वरचंच गणित उलट करायचं आहे.

२. सुती कापड, वर्तमानपत्र, पातळ पॉलिथिन आणि न विणलेली पिशवी यांचे सारखे तुकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला शाळेच्या आवारात पुरावेत, खुणेची काडी रोवावी. दर महिन्याला उकरून पाहावं आणि नोंद ठेवावी.

३. ‘कापडी’ पिशवीच्या काठावरून सलग धागा ओढून पाहावा. विणलेल्या कापडातून धागा निघतो, न विणलेल्यातून निघत नाही. दोन्हींवर पाण्याचा थेंब ठेवावा. धुतलेल्या सुती कापडात तो शिरतो, पॉलिप्रोपिलीनवर मोत्यासारखा राहतो. ओळखण्यासाठी पिशवी जाळून मात्र पाहू नये.

४. प्रत्येकानं घरातल्या एका थैलीच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी टाकावी आणि बाजाराच्या दर फेरीला तिच्यावर एक टाका घालावा. वर्षअखेरीला टाके मोजावेत. पन्नासाच्या पुढे कोणाची थैली गेली, शंभराच्या पुढे कोणाची, आणि जी गेली नाही ती का, याची चर्चा वर्गात घ्यावी. थैली विसरणं, उसवणं, तिची लाज वाटणं, भाजीवाल्यानं आग्रहानं पिशवी देणं अशी जी कारणं निघतील, त्यांतूनच आपल्या गावापुरता उपाय ठरवता येईल.